छोटी, चपळ पेट्रोल गाडी: चार वर्षांची पोलो घ्यावी की नवी आय-20 एन लाइन?

गगनवाट (कोल्हापूर)

नमस्कार. मी कोल्हापूरला राहतो आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत नोकरी करतो. रोजचे जाणे-येणे 22 किलोमीटर आहे आणि तेवढ्यासाठी कोणतीही गाडी चालेल. परंतु महिन्यातून दोन रविवार मी पहाटे निघून गगनबावडा, आंबा घाट किंवा आंबोली अशी एखादी वाट धरतो, आणि खरे सांगायचे तर गाडी बदलण्याचा विचार त्या दोन रविवारांसाठीच चालला आहे. सध्या घरात वडिलांनी 2012 साली घेतलेली डिझेल हॅचबॅक आहे. ती अजून कुरकुर न करता चालते, पण करूळ घाट चढून येताना पुढे मालट्रक असला, की तिला ओलांडण्यापुरता जोर कधीच मिळत नाही.

माझ्या अटी दोनच आहेत. गाडी चार मीटरच्या आतली, टर्बो पेट्रोल असावी आणि तिला पायाने दाबायचा क्लच असावा. हाताशी 5 लाख रुपये आहेत, उरलेले कर्ज काढण्याची तयारी आहे. घरात आई, वडील, पत्नी आणि मी अशी चार माणसे आहोत.

दोन गाड्यांवर येऊन थांबलो आहे. पहिली, पिंपरी-चिंचवड पासिंगची 2021 सालची फोक्सवॅगन पोलो, 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. ती 38,000 किलोमीटर चाललेली असून सध्याचे मालक दुसरे आहेत, म्हणजे मी तिसरा होईन. मागणी 6 लाख 90 हजारांची आहे. दुसरी, नवी ह्युंदाई आय-20 एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल. तिची शोरूम किंमत सव्वानऊ लाखांच्या आसपास आहे आणि रस्त्यावर येईपर्यंत ती पावणेअकरा लाखांना पडेल. वडिलांचे म्हणणे असे, की दुसऱ्याने पिळून काढलेली गाडी घेण्यापेक्षा साधी नवी स्विफ्ट घ्यावी. मला पोलोचा मोह सुटत नाही, पण तिसरा मालक होण्याची धास्तीही वाटते. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे, की प्रश्न नेमका कोठून सोडवायला घ्यावा.

जुनापाना (पिंपरी)

मी 26 वर्षे गॅरेज चालवत आहे आणि आठवड्याला दोन-तीन माणसे माझ्याकडे जुनी गाडी दाखवायला आणतात, त्या अनुभवावरून लिहितो. साधी कौटुंबिक गाडी जुनी घेणे आणि टर्बोची चपळ गाडी जुनी घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात आपण गाडी विकत घेतो, तर दुसऱ्यात आधीच्या मालकाच्या उजव्या पायाची सवयही तिच्यासोबत घरी येते. तुमच्या वडिलांचा शब्द जरा कडक असला, तरी त्यांची शंका अगदी योग्य जागी आहे. मात्र ती शंका तपासून पाहता येते, म्हणून न तपासता नकार देण्याचेही कारण नाही.

गाडी पाहायला जायचे ते सकाळी, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून पाहावे. ते कोमट लागले, तर काहीतरी लपवायचे आहे असे समजावे किंवा निदान दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जो आवाज येतो आणि सायलेन्सरमधून जो धूर निघतो, ते इंजिन तापल्यावर नाहीसे होतात. निळसर धूर म्हणजे कोठेतरी तेल जळत आहे, आणि टर्बोच्या गाडीत त्या ‘कोठेतरी’ची किंमत मोठी असते.

त्यानंतर चाकांकडे वळावे. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडी संकेत असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे 1421 असे लिहिले असेल तर तो टायर 2021 सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. साधारण वापरात मूळ टायर 40,000 किलोमीटर सहज जातात. 38,000 चाललेल्या गाडीवर तीन वर्षांपूर्वीच बदललेले टायर दिसले, तर एक तर मीटर मागे फिरवलेला आहे किंवा मालकाने वळणांवर रबर जाळलेले आहे. ब्रेकच्या पुढच्या डिस्कवरून बोट फिरवून कडेला किती उंच कंगोरा झाला आहे तेही पाहावे. पायडलचे रबर, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या आसनाची बाहेरची कड यांची झीज मीटरशी जुळली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे. या वर्गातील गाड्यांचे मालक इंजिनाच्या संगणकातील नकाशा बदलून घेतात, ज्याला सगळे रीमॅप म्हणतात. मूळची 110 पीएस ताकद त्यामुळे बरीच वाढते, आणि विकण्यापूर्वी मूळ नकाशा परत टाकला की वरवर काहीच दिसत नाही. पण क्लच खोटे बोलत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये गाडी ताशी 40 च्या वेगाला आणावी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे भराभर वाढले आणि वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. 38,000 किलोमीटरला क्लच घसरू लागला असेल, तर त्यामागे वाढवलेली ताकद तरी असते किंवा क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय तरी. तुमच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

हे सगळे झाल्यावरही अधिकृत सेवा केंद्रात पैसे भरून एकदा तपासणी करून घ्यावी आणि तेथील सर्व्हिस हिस्ट्रीची छापील प्रत मागावी. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र माझ्याकडे आहे. कारखान्यातील रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एखाद्या पत्र्यावर तो आकडा 300 च्या पुढे गेला, तर तेथे पुन्हा रंग झालेला आहे, आणि 600-700 दिसले तर आत पुट्टी भरलेली आहे.

एक चांगली गोष्टही सांगतो. पोलोचे उत्पादन चाकणला 2022 साली थांबले असले, तरी 1.0 टीएसआय इंजिन त्याच कंपनीच्या टायगुन आणि व्हर्टसमध्ये आजही येते. त्यामुळे इंजिनाचे काम येणारे हात आणि लागणारे सुटे भाग मिळत राहतील. पोलोच्या नावाने जी भीती घातली जाते, ती बहुतांशी आधीच्या 1.2 टीएसआयसोबत येणाऱ्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सची आहे. तो गिअरबॉक्स तुम्ही पाहिलेल्या मॅन्युअल गाडीत नाहीच.

हिशेबनीस (सांगली)

मी बँकेत वाहनकर्जांचे काम पाहिले आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूने लिहितो. वर तांत्रिक बाजू इतक्या नेमकेपणाने आली आहे, की तिच्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही.

प्रथम नव्या गाडीचा भाव नीट वाचावा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी, आधीचा 28 टक्के अधिक उपकर जाऊन, 18 टक्क्यांवर आला. आय-20 एन लाइनचे एक लिटरचे इंजिन या चौकटीत बसते. याचा जुन्या गाड्यांच्या बाजाराशी संबंध असा, की ज्यांनी त्याआधी जास्त कर भरून गाडी घेतली ते अजून जुन्या हिशेबानेच किंमत मागतात. मागणारा ‘मी साडेअकरा लाख घातले होते’ म्हणत असेल, तर त्याला आजचा नवा भाव शांतपणे दाखवावा आणि तेथून खाली मोजायला सुरुवात करावी.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी वाहनकर 10 लाखांपर्यंतच्या किमतीवर 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के आहे. सव्वानऊ लाखांवर तो सुमारे 1 लाख 2 हजार होतो. वरची श्रेणी घेऊन किंमत 10 लाखांच्या पलीकडे गेली, तर कराचा दर संपूर्ण किमतीवर वाढतो आणि 1 टक्का टीसीएसही, म्हणजे खरेदीच्या वेळी आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. टीसीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण खरेदीच्या दिवशी ते पैसे खिशातूनच जातात. सनरूफसाठी ही रेषा ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दोन्ही गाड्या पाच वर्षे वापरून विकायच्या, असे धरून हिशेब मांडतो. यातील विक्रीच्या किमती हा माझा अंदाज आहे, बाकीचे गणित आहे. नव्या गाडीसाठी तुम्हाला पावणेसहा लाखांचे कर्ज लागेल. 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे 11,940 रुपये बसतो आणि एकूण व्याज 1 लाख 41 हजार जाते. पावणेअकरा लाखांत हे व्याज मिळवले आणि पाच वर्षांनी गाडीचे पावणेपाच लाख आले असे मानले, तर गाडीपायी 7 लाख 41 हजार खर्च झाले. पोलोसाठी 1 लाख 90 हजारांचे कर्ज पुरते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर चढा असतो, तो 13 टक्के आणि मुदत तीन वर्षे धरली, तर व्याज 40 हजारांच्या आसपास जाते. नावावर करण्याचा खर्च 5 हजार आणि पाच वर्षांतील टायर, क्लच, शॉकअप, बुश, बॅटरी अशा जादा कामांना 1 लाख 40 हजार धरू. शेवटी गाडीचे सव्वातीन लाख आले, तर निव्वळ खर्च साडेपाच लाख होतो. पेट्रोल आणि नेहमीची सर्व्हिस मी दोन्हीकडे सारखी मानली आहे.

म्हणजे आज जो फरक पावणेचार लाखांहून मोठा दिसतो, तो पाच वर्षांच्या अखेरीस 1 लाख 91 हजारांवर येतो. महिन्याला साधारण 3,200 रुपये. आता स्वतःला प्रश्न असा विचारावा, की हमी, नवे टायर आणि रात्री घाटात गाडी बंद पडणार नाही ही खात्री यांची किंमत तुम्हाला महिन्याला 3,200 रुपये वाटते की नाही. ज्याला वाटते त्याने नवी घ्यावी. मात्र जुन्या गाडीत एकच मोठे काम अनपेक्षित निघाले, तर हा सारा फरक पुसला जातो आणि वर मनस्ताप राहतो, हेही लक्षात असू द्यावे.

कागदांबाबत दोन गोष्टी. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय इसार म्हणूनही मोठी रक्कम देऊ नये. दुसरी गोष्ट विम्याची. सध्याच्या मालकाच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते पाहावे. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न घेतल्यास पहिल्या वर्षानंतर 20, दुसऱ्यानंतर 25, तिसऱ्यानंतर 35 असा तो चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. दुसऱ्या मालकाने दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली असेल आणि आजच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी काय झाले होते हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गाडी घेतल्यावर 14 दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घ्यावा. अपघात पंधराव्या दिवशी झाला आणि पॉलिसी जुन्याच नावावर राहिली, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात.

सड्यावरचा (रत्नागिरी)

वडिलांची बाजू घेणारे कोणीच दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. नवी स्विफ्ट 82 पीएसची आहे, टर्बो नाही आणि तिचा पूर्ण जोर 4,300 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. पण वजन जेमतेम 920 किलो आहे. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तिला ओरडायला लावून चालवण्यात जी मजा आहे, ती टर्बो गाडीत ताशी 40 च्या वेगाला मिळत नाही. आमच्या रस्त्यांवर 120 पीएस वापरायला जागा तरी कोठे आहे? पावसाळ्यात वळणावर चिखल, उन्हाळ्यात गुरे. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घाला आणि दर रविवारी या, साखरप्याला चहा माझ्याकडून.

गगनवाट (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. स्विफ्ट चालवून पाहिली. गाडी हलकी आहे यात वाद नाही, पण तीन माणसे बसवून चढावर ट्रकमागे अडकलो, की माझी मूळ तक्रार तशीच राहते. एक शंका आहे. नव्या आणि चार वर्षांच्या गाडीच्या मधली, म्हणजे 2022 सालची आय-20 एन लाइन येथे जवळच उपलब्ध आहे. ती पाहण्यात काही अर्थ आहे का?

तिसरा गिअर (पुणे)

तुमच्या दुसऱ्या अटीसाठी ती गाडी उपयोगाची नाही, म्हणून लगेच लिहीत आहे. एन लाइन 2021 च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा तिच्यात दोनच गिअरबॉक्स होते, आयएमटी आणि सात गिअरचा स्वयंचलित ड्युअल क्लच. आयएमटीमध्ये गिअर हाताने टाकावा लागतो, पण क्लचचे पायडल नसते. पायाने दाबायचा क्लच आणि सहा गिअर आले ते सप्टेंबर 2023 च्या बदलानंतर. जाहिरातीत 2022 च्या गाडीपुढे ‘मॅन्युअल’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते, त्यामुळे फोन करण्यापूर्वी पायडलचे छायाचित्र मागवून घ्यावे. प्रवास वाचेल.

उत्पादन थांबलेली एक युरोपीय पठडीची हॅचबॅक माझ्याकडे गेली सहा वर्षे आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कोणा एका कंपनीविरुद्ध नाही. इंजिनाने मला कधीही त्रास दिलेला नाही. त्रास दिला तो पुढच्या दिव्याने. खंबाटकीच्या अलीकडे एका टेम्पोने उलटे येऊन बंपर आणि डावा दिवा फोडला. विम्याने पैसे मंजूर केले, यांत्रिक काम दोन दिवसांत झाले, आणि त्यानंतर गाडी सात आठवडे दिव्याची वाट पाहत कार्यशाळेत उभी राहिली. इंजिन दुसऱ्या गाड्यांतही येत असते, म्हणून त्याचे भाग मिळतात. दिवे, काचा, दारांच्या पट्ट्या, बंपरच्या खुंट्या मात्र त्या एकाच गाडीच्या असतात. घरात दुसरी गाडी असेल तर हे सात आठवडे नुसती चिडचिड होते. नसेल, तर रोज कामावर कसे जायचे हा प्रश्न पडतो. तुम्ही जुनी डिझेल गाडी ठेवणार की देणार, हे लिहिलेले नाही. माझ्या मते पोलोचा निर्णय त्यावर अधिक अवलंबून आहे.

चालवण्याबद्दल सांगायचे, तर दोन्ही गाड्या मी ताम्हिणीत चालवल्या आहेत. कागदावर त्या जवळपास सारख्या आहेत. पोलोचे 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर जोर (टॉर्क), तर एन लाइनचे 120 पीएस आणि 172. प्रत्यक्षात पोलोचे स्टिअरिंग हाताला अधिक बोलते आणि ती वळणात जमिनीला धरून राहते. एन लाइनचा जोर थोडा अधिक गुळगुळीत येतो आणि खड्ड्यांवर ती जास्त समजूतदार आहे. केवळ चालकाला विचाराल, तर मी आजही पोलो म्हणेन. पण तुम्ही घरात चार माणसे असल्याचे लिहिले आहे. एन लाइनची चाकांमधील लांबी 2580 मिलिमीटर आहे, पोलोची त्याहून दहा सेंटिमीटरहून अधिक कमी, आणि ही सारी काटकसर मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वाट्याला येते. आईवडिलांना मागे बसवून कोल्हापूर ते मलकापूर एवढे तरी जाऊन यावे आणि ते काय म्हणतात ते ऐकावे. आपल्याकडे मोठी माणसे गैरसोय पटकन बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे उतरताना ती किती वेळ दार धरून उभी राहतात तेही पाहावे.

सुरक्षेच्या बाबतीत नवी गाडी पुढे आहे, हे मोह बाजूला ठेवून मान्य करावे लागते. 2023 च्या बदलानंतर आय-20 मध्ये सहा एअरबॅग सर्व श्रेणींत आल्या, तर पोलोत दोन आहेत. पोलोला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे चार तारे 2014 साली, तेव्हाच्या सौम्य नियमांनुसार मिळाले होते. आय-20 ला 2022 साली तीन मिळाले, तेही दोन एअरबॅगच्या गाडीला. त्यामुळे ताऱ्यांची तुलना करून भांडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. त्या कसोटीत पाच तारे मिळवणारी टाटाची अल्ट्रोज तुम्ही यादीत का घेतली नाही, याचे मात्र मला आश्चर्य वाटले. 2024 च्या जूनमध्ये आलेल्या तिच्या रेसर आवृत्तीत 120 पीएस आणि सहा गिअर आहेत, आणि ती जुन्या बाजारात अधूनमधून दिसते.

शेवटचा मुद्दा पेट्रोलचा. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. एप्रिल 2023 पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे इंधनमार्गातील भाग त्याला चालतील असे करणे बंधनकारक झाले. 2021 ची पोलो त्याआधीची आहे. ती उद्या बंद पडेल असे कोणी समजू नये, माझी तर त्याहून जुनी आहे आणि चालते. अॅव्हरेज किंचित घटले आहे आणि रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहून घेतो, इतकेच.

गगनवाट (कोल्हापूर)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण दरम्यान बरेच काही पाहून झाले.

पोलो पाहायला जुनापाना यांनी स्वतः सोबत येण्याचे सौजन्य दाखवले. गाडी सकाळी साडेसातला पाहिली, इंजिन थंड होते, आवाज स्वच्छ आला आणि धूर अजिबात नव्हता. क्लचही घसरला नाही. मी मनातल्या मनात पैसे मोजू लागलो होतो. मग रंगाच्या यंत्राने उजवा पुढचा पत्रा 340 आणि त्याच बाजूचे दार 410 दाखवले, आणि पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य निघाला. मालकांनी त्यानंतर मोकळेपणाने सांगितले, की गेल्या पावसाळ्यात गाडी दुभाजकावर घसरली होती. ते वाईट गृहस्थ नव्हते. आधी का सांगितले नाही असे विचारल्यावर म्हणाले, ‘तुम्ही विचारलेच नव्हते.’ किंमत त्यांनी 6 लाख 30 हजारांपर्यंत आणली. जुनापाना यांच्या मते चॅसीला धक्का नव्हता आणि त्या किमतीला गाडी वाईट म्हणता आली नसती.

परंतु परत येताना ‘तिसरा गिअर’ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. जुनी डिझेल गाडी आम्ही देणार आहोत, कारण वाड्यात एकच गाडी उभी राहते. म्हणजे दिव्यासाठी सात आठवडे थांबणे मला परवडणारे नाही. शिवाय मित्राच्या पोलोत आईला मलकापूरपर्यंत नेऊन आणले. तिने तक्रार केली नाही, फक्त उतरल्यावर बांबवड्याला चहा घ्यायला का थांबला नाहीस, असे दोनदा विचारले. आम्ही एरवी तेथे कधीच थांबत नाही.

अगदी नवी घेण्याचा हप्ता मला जमेल, पण पहिल्या दोन वर्षांची घसरण आपणच का सोसावी, हा विचार हिशेबनीस यांचे आकडे पुन्हा पुन्हा मांडताना पक्का झाला. त्यामुळे आता शोध बदलला आहे. 2023 च्या सप्टेंबरनंतरची, तीन पायडलची, पहिल्याच मालकाकडे असलेली आणि कंपनीच्या हमीची मुदत शिल्लक असलेली एन लाइन हवी आहे. पुण्यात जानेवारी 2024 ची, 19,000 किलोमीटर चाललेली एक गाडी सापडली आहे. मागणी सव्वाआठ लाख. नव्याचा आजचा भाव दाखवल्यावर मालक आठाच्या आत यायला तयार आहेत. पॉलिसीवर बोनस 20 टक्के आहे. दोन वर्षे पूर्ण व्हायची असल्यामुळे तेवढाच असायला हवा, असे मी समजतो. हिशेबनीस यांनी चुकत असल्यास सांगावे. वडील या व्यवहाराला ‘अर्धी नवी’ म्हणतात आणि त्यांचा विरोध निम्म्यावर आला आहे.

जुनापाना, येत्या रविवारी पुन्हा तसदी देऊ का?

हिशेबनीस (सांगली)

बोनस बरोबर आहे. नवी गाडी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, त्यामुळे त्या भागाचे पैसे जानेवारी 2027 पर्यंत भरलेले असतील. बोलणी करताना ही रक्कम मालक स्वतःच्या बाजूने मोजतील, ती त्यांना मोजू द्यावी. हमी तुमच्या नावावर नोंदवण्याचे काम मात्र आरसी हातात आल्याच्या आठवड्यातच उरकून घ्यावे, आणि मुदत संपण्यापूर्वी वाढीव हमीचे पैसे भरता येतात का तेही त्याच खेपेला विचारावे.

जुनापाना (पिंपरी)

अवश्य या. मालकाला शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा, की सकाळी आम्ही येईपर्यंत किल्लीला हात लावू नका. आणि तुम्ही आठच्या आत पोहोचा. गेल्या वेळेसारखे साताऱ्याला नाश्त्याला थांबू नका, यंत्र घेऊन मी फाटकाशी उभा असेन.